आधी कॅमेरा समेवर आणा

आमच्या गावच्या संगीत मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: मैफिलींचं चित्रण यूट्यूबवर टाकायचं की नाही. एक बाजू म्हणते, फुकट मिळालं की सभागृहात कोण फिरकणार? दुसरी म्हणते, जुन्या कॅसेटींना कपाटात बुरशी लागलीय, आता राखून ठेवण्यासारखं उरलंय काय? नेदरलँड्समधल्या युट्रेक्टमध्ये बसून मी दोन्हीकडचं वाचतो. टाकायचं म्हणता ते चित्रण असतं कसं, हे मात्र कुणीच विचारत नाही.

इथली नेदरलँड्स बाख सोसायटी १९२१ सालची. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या हजारावर रचना एकेक करून चित्रित करायच्या आणि जगाला फुकट दाखवायच्या, असा घाट तिने घातलाय. त्यातला पाचवा ब्रांडेनबुर्ग कोन्चेर्तो (काही वाद्यं पुढे, बाकीची साथीला, अशी रचना) मी कितीदा पाहिला असेल! बाखने १७२१ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या उमरावाला सहा रचनांची वही धाडली, त्यातला हा. बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य, पुढे, साथीला मोजकी तंतुवाद्यं. पहिला भाग संपत आला की बाकीचे सगळे थांबतात आणि हार्पसिकॉर्ड ६५ बार (तालाची छोटी आवर्तनंच म्हणा) एकटं वाजत राहतं. या वाद्यात तार छेडली जाते. पट्टी हलकेच दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. म्हणजे रंग चढवायचा तो लय आणि स्वरांची दाटी वाढवूनच. आपल्या सतारीच्या 'झाला'ची, म्हणजे शेवटच्या द्रुत वादनाची, सवय असलेल्याला हे लगेच उमगतं. आणि हे सगळं बोटांवरून दिसतं, कारण चित्रण करणाऱ्याला पुढे काय येणार ते ठाऊक असतं.

आपल्याकडे तबलजी तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो आणि नेमके त्याच क्षणी पडद्यावर पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे मोबाइल चाळताना दिसतात. तानपुरे जुळवणं कापलेलं. शाल-श्रीफळ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत.

फुकटाच्या भीतीबद्दल एवढंच सांगतो: इथल्या नार्डेन गावच्या मोठ्या चर्चमध्ये ही सोसायटी १९२२ पासून ईस्टरच्या सुमारास बाखचं 'मॅथ्यू पॅशन' हे येशूच्या अखेरच्या दिवसांवरचं गायन-वादन करत आलीय. तेही नेटवर फुकट आहे, तरी लोक तिकीट काढून जातातच.

पण 'बघा, तिकडे कसं!' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. बाखला जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, त्याची रचना कागदावर आहे. आपल्या गवयाची त्या संध्याकाळची बढत त्याची स्वतःची असते आणि उद्या तीच कुणीतरी उचलून गातो. घराण्यातली माणसं ध्वनिमुद्रणं देताना हात आखडतात, त्याला मी नुसता कद्रूपणा म्हणणार नाही. शिवाय इथलं 'फुकट' हे बघणाऱ्यापुरतं. मागे देणगीदार आणि सरकारी अनुदान उभं असतं. तेव्हा कलाकाराची लेखी परवानगी घ्या, चित्रणाचं मानधन वेगळं द्या आणि तालाची जाण असलेला एक माणूस कॅमेरावाल्याशेजारी बसवा.

हे ग्रुपवर लिहिल्यावर खजिनदारांनी विचारलंय, खर्च कुणी करायचा. मी म्हटलं, शालींपासून सुरुवात करा.