शाळा बघायला जाताय? आधी गेट बघा

हे बघा, नाशकात पोरासाठी प्रायव्हेट शाळा शोधायची तर सुरुवात गेटपासून करायची. गेट जेवढं उंच तेवढं शिक्षण उच्च, गंगापूर रोडला एक चक्कर मारली की कळतं. मग रिसेप्शनचा एसी, फिश टँक, आणि आपण मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देणाऱ्या मॅडम, म्हणजे ॲकॅडमिक्स स्ट्राँग आहे समजून घ्यायचं.

शिक्षकांबद्दल मात्र चकार शब्द काढू नका. सीबीएसईच्या शाळेला शिक्षक किती, गेल्या तीन वर्षांत बोर्डाचा निकाल काय, हे स्वतःच्या वेबसाइटवर टाकावंच लागतं, पण ते पान उघडून वाचेपर्यंत रविवारची मिसळ गार होते आणि शाळेपायी मिसळ गार करण्यात काही अर्थ नाही. मी एकदा ही चूक केली. काउन्सेलर मॅडमना विचारून बसलो की मॅथ्सचे टीचर वर्षात किती बदलले, तर त्या म्हणाल्या, "सर, आपल्याकडे हॉर्स रायडिंग आहे!" घोडा तरी वर्षभर तोच असतो का, हे तोंडावर आलं होतं, बायकोने टेबलाखालून पाय दाबला.

दहावीचा निकाल १०० टक्के असा फ्लेक्स दिसला की हात जोडायचे. नववीला किती पोरं होती आणि दहावीला किती बसली हे विचारायचं नाही. कच्च्या पोराला "दुसरं वातावरण सूट होईल" म्हणून दाखला हातात देतात, नाहीतर स्टेट बोर्डात १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायला सुचवतात, मग राहिलेले पास होणार नाहीत तर काय होणार? आणि फ्लेक्सवरचा टॉपर कॉलेज रोडच्या क्लासच्या फ्लेक्सवरही हसत असतो, तोच शर्ट, तोच फोटो. शिकवलं कोणी ते त्यांचं ते बघतील, आपण दोघांकडे फी भरायची.

इंटरव्ह्यूचं टेन्शन घेऊ नका. २००९ च्या आरटीई कायद्याने पोराची आणि आईबापाची चाळणी लावायला बंदी आहे, पहिल्याच वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून शाळा इंटरव्ह्यू घेतच नाहीत, 'इंटरॅक्शन' घेतात. त्यात साडेतीन वर्षांच्या पोराला ॲपल ओळखायला लावतात आणि बापाला पॅकेज.

फीवाढीवरून पण कटकट करू नका. फी मंजूर करणाऱ्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, पण चिठ्ठ्या कधी टाकल्या असं विचारायला जाल आणि आपलंच नाव निघेल, मग बसा शनिवारी मीटिंगला.

आमचे सासरे झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, गेट राहू दे, तिथल्या एखाद्या पोराची मागच्या वर्षीची वही बघ, चुका कोणी तपासल्यात का ते बघ. जुन्या माणसांचं ऐकायचं नसतं, पण मी शेजारच्या चौथीतल्या पोरीची वही मागून आणली. सात आठे चोपन्न लिहिलं होतं, त्यावर टिक, वर सोनेरी स्टार, खाली 'एक्सलंट'.

ॲडमिशन घेतलीच. फीच्या पावतीवरची बेरीज मी दोनदा तपासली, एक रुपयाची चूक नव्हती.