खोल बोअरचा जाब एकट्या जमीनमालकालाच का?

महाराष्ट्राच्या भूजल कायद्याची अंमलबजावणी कडक झाली की शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअर घेणाऱ्या जमीनमालकाला जरब बसेल, हे या कायद्यावरील एका लेखातील विधान अर्धेच खरे आहे. 1 जून 2014 पासून लागू झालेल्या या 2009 च्या अधिनियमात बोअर पाडणाऱ्या यंत्राच्या मालकानेही नोंदणी करणे बंधनकारक आहे, पण लेखात त्याचा उल्लेखच नाही.

आमच्या लातूर भागात उन्हाळा लागला की बोअर पाडणाऱ्या तमिळनाडू पासिंगच्या गाड्या फिरू लागतात. दर फुटावर ठरतो आणि खोलीनुसार चढत जातो. साहजिकच 200 फुटांवर (म्हणजे सुमारे 60 मीटरवर) पाणी न लागता नुसती राखाडी भुकटी उडत असली, तरी ‘आणखी शंभर फूट जाऊ द्या’ असे सांगण्यात गाडीच्या एजंटाचाच फायदा असतो. (जागा दाखवणारा पाणाड्या तोवर दक्षिणा घेऊन गेलेला असतो.) 2016 साली ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील लहान कारखानदार हौसेने एवढ्या खाली जात नाही. त्याला नोटीस बजावण्याआधी, गाडी गावात शिरतानाच तिची नोंदणी तपासण्याची जबाबदारी ग्रामपंचायत किंवा तलाठी यांच्यावर निश्चित करावी.