फोटोतल्या पवनचक्क्या पुसू नका

आज सकाळी एका जुन्या मित्राने सूर्यास्ताचा फोटो टाकला. डोंगराची लांबलचक धार, मागे केशरी आभाळ. खाली लिहिलंय, 'मधे पवनचक्क्या येत होत्या, मोबाईलमध्येच काढून टाकल्या.' त्यावर बदामांचा पाऊस. 'याला म्हणतात निसर्ग' अशाही कमेंट. तेव्हापासून डोकं तडकलंय माझं.

कारण ती धार मला माहीत आहे. मागच्या वर्षी आईला घेऊन गेले होते तिथे. आईचं लहानपण त्याच डोंगराच्या पायथ्याशी गेलं. गाडी शेवटच्या वळणावर आली, तिने काच खाली केली आणि म्हणाली, "अगं, रस्ता चुकलो का आपण?" तिच्या आठवणीतली धार मोकळी होती, मधे एक खिंड, बस्स. आता तिथे पांढरे खांब ओळीने उभे. खिंड कुठली तेच तिला कळेना. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर हात वर करून गप्प केलं मला.

तेव्हा डोंगर बदललाय हे मला कुणी सांगायला नको. आईचा चेहरा मी बघितलाय. पण म्हणून पुसून टाकायचं? आपल्या घरातल्या विजेसाठी आजवर काय काय पुसलं गेलं, ते आपल्या खिडकीतून दिसत नव्हतं इतकंच. जर्मनीत ल्युत्झेराथ नावाचं खेडं होतं. कोळशाच्या खाणीसाठी २०२३ मध्ये ते पाडलं. तिथली घरं, झाडं फोटोतून नाही, जमिनीवरून गेली. त्या खड्ड्यासमोर उभं राहून 'निसर्ग' म्हणा की!

आणि नेदरलँड्समधल्या किंडरडाइकच्या पवनचक्क्या कशा कुणी पुसत नाही? बहुतांशी १७४० च्या आसपास बांधलेल्या त्या १९ चक्क्या म्हणजे सखल जमिनीतलं पाणी उपसणारी यंत्रंच. १९९७ पासून जागतिक वारसा आहेत, लोक मुद्दाम त्या चौकटीत याव्यात म्हणून थांबून फोटो काढतात. मान्य, त्या घरासारख्या दिसतात, त्यांत कुटुंबं राहायची. पातं सरळ वर गेलं की दीडशे मीटरच्याही वर पोचणारी आजची यंत्रं तशी नाहीत.

घरावरून आठवलं. आई त्या दिवशी एका खांबाच्या अगदी बुडाशी गेली. खाली लोखंडी जिना, चार-पाच पायऱ्या, कठडा आणि एक दार. साधं, माणसाच्या उंचीचं. तिने खांबाला तळहात लावला आणि तसाच ठेवला. वर पातं खाली आलं की सूं, परत सूं. लांबून किती संथ वाटतं ते! पण चांगला वारा असला की त्या टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो. मी हे तिला सांगत होते, तिचं लक्ष दाराकडे. "आत कोणी राहतं का गं?" म्हणाली. मला पटकन उत्तरच देता आलं नाही. रडू आलं, खरं सांगते.

राहतं कोण? कुणीच नाही. राहणारे खाली आहेत. सूर्य खाली असला की ज्यांच्या खिडकीवरून पात्याची सावली सारखी फिरते, रात्री ज्यांच्या आभाळात तांबडे दिवे लुकलुकतात, त्यांनी जरूर भांडावं. त्यांना मी काही शिकवणार नाही. आणि डोंगर खरा ओरबाडला जातो तो रस्त्यांनी. आताची पाती पन्नास मीटरच्याही पुढे असतात, ती अख्खी वर न्यायची म्हणून वळणं रुंद कापतात. ती लाल कापलेली कड मलाही बघवत नाही.

पण यावर बोलता येतं ना! कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडलग्रुंडनला आधी २७ पवनचक्क्या तीन ओळींत उभ्या करायच्या होत्या. लोकांनी हरकती घेतल्या. शेवटी २००० साली २० उभ्या राहिल्या, एकाच बाकदार रेषेत. कशा दिसणार हे लोकांनी विचारलं, म्हणून ती रेष तशी आहे. फोटोतून पुसून टाकणारा माणूस काय विचारणार?

मघाशी रागात मित्रालाही बरंच लिहून बसले. आता वाटतंय, त्यालाही ती मोकळी धारच आठवत असेल. तोही तिथे लहानपणी गेलेला. त्याच्याकडे मूळ फोटो मागितला, कुरकुरत का होईना, पाठवला त्याने. मी तो आईला पाठवून दिला.

आत्ताच तिचा फोन आला. चष्मा लावून, बोट ठेवून मोजत बसली होती. म्हणाली, "डावीकडून चौथी आणि पाचवी, त्यांच्या मधे बघ. धार जरा खाली उतरलीय ना? तीच आपली खिंड."