रांगेत उभं राहून आले म्हणे!

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही फिरत असेलच. कम्युनिस्टांच्या तावडीतून सुटलेले व्हिएतनामी लोक कागदपत्रं घेऊन, रांगेत उभं राहून अमेरिकेत आले, जगानं त्यांचं स्वागत केलं, सरकारचा एक पैसा न घेता ते वर आले. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि 'आजच्या निर्वासितांनी शिकावं'. मामा, राग तुमच्यावर नाही, पण ज्यानं हे लिहिलंय त्यानं कधी नकाशा तरी उघडलाय का?

कसली रांग हो? १९७५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्टांच्या हाती पडली तेव्हा अमेरिकेनं सव्वा लाखाच्या वर माणसं बाहेर काढली, ठीक. पण १९७८-७९ ला जे निघाले ते रात्री, मासेमारीच्या होड्यांत कोंबून, अधिकाऱ्यांना सोनं चारून, चिनी वंशाच्या लोकांना जाऊ देतात म्हणून कित्येकांनी चिनी नावाचे खोटे कागद करून. इथे ह्यूस्टनला आमच्या घराजवळ नेल सलून चालवणारी बाई त्यातलीच, तेव्हा सात वर्षांची. प्यायचं पाणी बाटलीच्या झाकणानं मोजून मिळायचं म्हणाली, आणि आईनं मोठ्या बहिणीचे केस पोरासारखे कापून तोंडाला इंजिनचं काळं ऑईल फासलं होतं. का, ते निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या २००० सालच्या अहवालात आकड्यांत आहे. एकट्या १९८१ मध्ये थायलंडला ४५२ बोटी पोचल्या, त्यातल्या ३४९ वर चाच्यांनी हल्ले केलेले, तेही सरासरी तीन-तीनदा. ५७८ बायकांवर बलात्कार, २२८ जणी पळवून नेल्या, ८८१ माणसं मेली किंवा बेपत्ता. आणि हा पोचलेल्या बोटींचा हिशोब, बुडालेल्या कोण मोजणार?

बरं, रांग नंतर लागली हे मान्य. १९७९ ला व्हिएतनाममधूनच रीतसर निघायची सोय झाली आणि पुढे लाखो लोक तिच्यातून आले. पण ती सोय झाली ती आधीचे समुद्रात मरत होते म्हणून, हे फॉरवर्डमध्ये कुठंय?

स्वागताचं तर बोलूच नका. नोव्हेंबर १९७८ मध्ये 'हाय हाँग' जहाज अडीच हजार माणसं घेऊन मलेशियाला आलं तर उतरू दिलं नाही. पुलाऊ बिडोंग, मलेशियाचं एक चौरस किलोमीटरचं बेट, तिथे १९७९ ला चाळीस हजार माणसं! अमेरिकेत १९७५ च्या गॅलप पोलमध्ये, म्हणजे जनमत चाचणीत, ५४ टक्के लोक म्हणाले यांना घेऊच नका, आणि आमच्या टेक्सासात कोळंबी पकडणाऱ्या व्हिएतनामींच्या मागे कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांची वंशद्वेषी संघटना लागली होती. कॅनडात मात्र सामान्य लोकांनी स्वतः स्पॉन्सर करून कुटुंबं आणली, तेवढं खरं.

पैसा? १९७५ लाच अमेरिकेनं मदतीसाठी खास कायदा केला. संपला विषय.

कष्ट केले, बेदम केले, त्यात वाद नाही. पण तिथेही कुणीतरी हात दिलाच. टिप्पी हेड्रन नावाच्या हॉलिवूडच्या नटीनं कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोजवळच्या निर्वासितांच्या छावणीत आपली मॅनिक्युरिस्ट आणून वीसेक बायकांना नखांचं काम शिकवलं, तिथून हा धंदा वाढला. मामी गेल्या वर्षी आल्या होत्या ना, त्यांच्या टाचा घासून दिल्या ती हीच नेल सलूनवाली बाई. तुम्ही तेव्हा बाहेर गाडीत एसी लावून बसला होतात, मामा.