विमानाला दोन तास उशीर झाला म्हणून दहा हजार मिळत नाहीत

विटा-खानापूरकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘नवा कायदा आला. विमानाला दोन तास उशीर झाला किंवा ते रद्द झालं, तर कंपनीने जागेवर १०,००० रुपये द्यायचे. काउंटर सोडू नका.’ आपली गलाईवाली (सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली) माणसं सतत चेन्नई-कोची करतात, म्हणून हे खोडून काढणं गरजेचं आहे.

नवा कायदा आलाय हे खरं. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि १९३४ चा कायदा गेला. पण भरपाईचे आकडे त्यात नाहीत. ते डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांत आहेत, आणि ते नियम २०१० पासूनचे.

नुसत्या उशिराला त्या नियमांत रोख भरपाई नाहीच. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांवर उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्यांना खाणंपिणं मिळतं. देशातल्या विमानाला सहा तासांवर उशीर असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड आपली. आणि रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं, तर ने-आणीसकट हॉटेल. हे मागायचं सोडून माणसं दहा हजारांसाठी भांडतात आणि रात्र खुर्चीत काढतात, याचा मला खरंच त्रास होतो.

विमान रद्द झालं आणि २४ तास आधी कळवलं नाही, तर सोयीचं दुसरं विमान, नाहीतर पूर्ण पैसे आणि वर भरपाई. एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते. म्हणजे ही बेरीज ३,२०० असेल तर ३,२००च. दहा हजारांची कमाल मर्यादा दोन तासांवरच्या प्रवासाला आहे. धुकं, पूर, दंगल अशा कारणांना भरपाई नाही.

मेसेजमध्ये नसलेली अट सगळ्यात महत्त्वाची: बुकिंगच्या वेळी संपर्काची नीट माहिती दिली नसेल, तर भरपाई मिळत नाही. आपल्याकडे तिकीट एजंट काढतो आणि बऱ्याचदा मोबाईलच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकतो. रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर, आपण पुण्याच्या गाडीत. पैसे देण्याआधी तिकिटावरचा नंबर बघा, आपला नसेल तर तिथंच बदलून घ्या.

काउंटरवर दाद लागली नाही, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर. बोर्डिंग पास आणि कंपनीचे मेसेज तोवर फेकू-पुसू नका.