कौलारू हार्ड डिस्क

कॉम्प्युटरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" दुसरा, "गेमिंगसाठी?" दुसऱ्याला 'नाही' म्हटलं की आपली किंमत उतरते. परवा लॅमिंग्टन रोडवर माझं तेच झालं. मी बी६५० चिपसेटचा, म्हणजे त्या मुख्य चिपचा, मदरबोर्ड मागितला. दुकानदाराने माझ्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांचा अंदाज घेतला आणि त्याहून साध्या ए६२०चा खोका पुढे सरकवला. "तुम्हाला हा भरपूर, साहेब. मेल बघायचे, पिक्चर बघायचा." स्वस्त माल स्वतःहून दाखवणारा दुकानदार एरवी मला आवडला असता. पण हा माणूस वय बघून चिपसेट ठरवत होता!

ए६२० वाईट नाही. ६५ वॉटचा रायझन ५ प्रोसेसर त्यावर सुखाने चालतो. पण समोर आलेल्या त्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर उष्णता घालवणारा हीटसिंकच नव्हता. मुंबईच्या मे महिन्यात तासभर व्हिडिओ रेंडर करायला लावला, की हा भाग तापतो आणि प्रोसेसर गुपचूप वेग उतरवतो. स्क्रीनवर तक्रार येत नाही, काम तेवढं लांबतं. एम.२ची, म्हणजे चपट्या एसएसडीची, जागा एकच, रॅमचे स्लॉट दोनच. आणि बायॉस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, बदलायचं फ्लॅशबॅक बटण नाही. हे बटण म्हणजे चैन नव्हे. बी६५० बोर्ड २०२२चे, रायझन ९००० मालिका २०२४ची. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायॉस असला तर तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही, आणि बायॉस बदलण्यापुरता जुना प्रोसेसर कोण उसना देणार? बटण असलं तर पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायच काम होतं. हे सगळं ऐकून घेऊन दुकानदार म्हणाला, "आरजीबीवाला दाखवू का? लाइट मस्त पडते."

बी६५० अखेर आतून आला, पण कपाळावर आठ्या घालून.

हार्ड डिस्कचा विषय निघाला आणि शेजारच्या स्टुलावरचे काका संभाषणात शिरले. गिरगावातले. प्रिंटरचं रिकामं कार्ट्रिज पिशवीत घेऊन आलेले, आणि नवं गोदामातून येईपर्यंत पूर्ण मोकळे.

"किती जीबी घेताय?"

"चार टीबी."

"अहो, भरणार काय त्यात?"

घरचे फोटो, व्हिडिओ, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली लग्नं-मुंजी, मी म्हणालो.

"म्हणजे बघणार कोणी नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका पुढे सरकले. "एक टीबी घेतली तर ९३१च दिसते, ठाऊक आहे ना? वरचे ६९ कुठे जातात?" मी समजावलं, की कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. बाइट तेवढेच असतात, कोणी काही खात नाही. काकांनी शांतपणे ऐकलं, ओठ हलवून मनात हिशेब केला आणि म्हणाले, "चारात २७५ गेले."

मी दुकानदाराकडे वळलो. "ही सीएमआर आहे की एसएमआर?"

"ओरिजिनल आहे, साहेब."

"सीएमआर का?"

"वॉरंटी आहे ना कंपनीची!"

"एसएमआर म्हणजे काय हो?" काकांनी विचारलं. सांगणं भाग होतं. डिस्कवर लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. म्हणून तेवढ्याच तबकडीत जास्त माल कोंबायला लिखाणाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवतात. वाचताना अडचण नाही. पण मधला एक पट्टा बदलायचा, तर त्याच्यापुढचेही पुन्हा लिहावे लागतात. ही एसएमआर; पट्टे सुटे ठेवते ती सीएमआर.

"मग कौलं म्हणा की!" काका उजळले. "कुडाळच्या घराला आमच्या कौलंच आहेत. मधलं एक फुटलं की शेजारची उचला. आणि शाकारायला माणूस मिळतोय कुठे हल्ली? मिळाला तर मजुरी ऐकून आपणच वर चढावंसं वाटतं. त्यात माकडं! एका सकाळी अर्धी ओळ खाली. तुमच्या डिस्कवर माकडं येतात का?"

"विंडोज अपडेट येतो."

"बघा, काकांना लगेच समजलं," दुकानदार म्हणाला. जणू अडलं होतं ते माझ्यामुळे.

राग याचा, की ही गोष्ट खोक्यावर सहसा छापतच नाहीत. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यासाठी, विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० साली गिऱ्हाइकांच्या आरडाओरड्यानंतर मान्य केलं. आता रेड प्लस सीएमआर, सीगेटची आयर्नवुल्फही सीएमआर. बाकीच्यांचा मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत शोधायचा. एसएमआर डिस्क पहिले काही जीबी झपाट्याने घेते, कारण तेवढी साधी जागा आत राखलेली असते. ती भरली की वेग कोसळतो, आणि अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या 'RAID' संचात एखादी बदलायची वेळ आली तर रात्री जागवते. मला रोजचा बॅकअप घ्यायचा होता, म्हणून जास्त पैसे मोजून रेड प्लस घेतली. विंडोजसाठी वेगळी एनव्हीएमई एसएसडी.

काकांनी मात्र तिथल्या तिथे दोन टीबीची एसएमआर घेतली. मुलीच्या लग्नाचे फोटो एकदा भरून कपाटात ठेवायचे. "आमच्यात कोण कौलं बदलतंय?" हा हिशेब अगदी बरोबर होता, हेच जास्त झोंबलं. वर त्यांना दोनशे रुपये सूट आणि माउसपॅड. मला विचारण्यात आलं, "बिल पक्कं पाहिजे का?" म्हणजे १८ टक्के जीएसटी वरून, असा धमकीवजा सूर. वॉरंटीसाठी पक्कंच लागतं.

डिस्क घरी नेल्यावर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ती किती तास चालली आहे ते बघावं. नव्या डिस्कवर आकडा शून्याच्या आसपास हवा. वापरलेल्या डिस्कचा हा आकडा पुसून नवी म्हणून खपवतात. सीगेटची असेल तर स्मार्टसीटीएल या प्रोग्राममधून फार्म लॉग, म्हणजे डिस्कने आत ठेवलेली वेगळी नोंद, हीही काढावी आणि दोन्ही आकडे ताडून बघावेत. बोर्डाचं मॅन्युअलही वाचावं. काही बोर्डांवर दुसरं एम.२ भरलं की हार्ड डिस्क जोडायचे एकदोन साटा पोर्ट बंद पडतात आणि चांगली डिस्क मेली म्हणून परत जाते.

आणि बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या पिना काउंटरवरच बघाव्यात. वाकलेली पिन सहसा वॉरंटीत बसत नाही, आणि घरी गेल्यावर ती आपणच वाकवलेली ठरते. दुकानदार म्हणाला, "सील तोडलं की माल तुमचा." सील न तोडता पिना कशा बघायच्या, ते त्याने सांगितलं नाही. माझं कोण ऐकणार? काकांनी दटावलं, तेव्हा कात्री निघाली. काळी टोपी उचलून मी मोबाइलचा टॉर्च मारला. काका चष्मा कपाळावर चढवून वाकले.

"किती पिना?"

"१७१८."

"मोजून घ्या. ही माणसं चारात २७५ खातात."