मॅक्रो अडलाय? अजिबात दुरुस्त करू नका

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, वर्डमधला मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, दुरुस्त करायचा नसतो, तो सांभाळायचा असतो, घरातल्या जुन्या मिक्सरसारखा, झाकण डावीकडून दाबून धरलं की चालतो आणि का चालतो ते कुणी विचारायचं नाही. तुमच्या ऑफिसातपण एक असणारच. कधीतरी नोकरी सोडून गेलेल्या एका पोराने लिहिलेला, नाव 'मॅक्रो१', आणि आत डोकवायची कुणाची टाप नाही.

आमच्याकडचा मॅक्रो कृतिदेव या जुन्या फाँटमधला मजकूर आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये करतो. म्हणजे, करणं अपेक्षित आहे.

तर मॅक्रोवाली फाइल मेलवर आली, उघडली, वर लाल पट्टी. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो स्वतःहून अडवायला सुरुवात केलीय. पूर्वी पिवळी पट्टी यायची, 'एनेबल कंटेंट' लिहिलेलं बटण असायचं, आपण काही न वाचता दाबायचो, छान चाललं होतं. आता फाइल खात्रीची असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक'ची बारीक चौकट असते तिच्यात टिक मारायची, बस. पण हा शहाण्या माणसाचा रस्ता झाला, आपल्याला काय करायचाय. आपण थेट वर्डच्या 'ट्रस्ट सेंटर' नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे मॅक्रो कायमचे मोकाट सोडायचे. त्या पर्यायाशेजारीच कंसात 'शिफारस करत नाही' असं लिहिलंय, पण ते बाकीच्यांसाठी. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा मॅक्रो असाच वर्डच्या फाइलीतून आला आणि आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवत सुटला. व्हायरस होता, मान्य, पण पहिल्या क्लिकला काम केलं ना त्याने! आपल्यावाला दोन पानांत धापा टाकतो.

मग एररची चौकट येते, तिच्यात 'एंड' आणि 'डीबग' अशी बटणं. डीबग दाबायचं नाही. मी एकदा दाबलं होतं. आतमध्ये नुसती प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी, कारण कोड लिहायच्या त्या खिडकीला देवनागरी कळतच नाही, 'क' हवा असेल तर त्याचा नंबर २३२५ लिहून मागवावा लागतो, आणि आमच्या पोराने अर्धी बाराखडी सरळ टाइप केलेली. मॅक्रो बिचारा इमानदारीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं घालत होता आणि आम्ही प्रिंटरला शिव्या घालत होतो. वर मधोमध एक ओळ, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट', म्हणजे काहीही चुकलं तरी बोलायचं नाही, पुढे चालायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे मॅक्रोच्या भाषेत, व्हीबीएमध्ये, असं लिहितात.

आणि वेलांटी! कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे मॅक्रोने ती उचलून एक घर पुढे ठेवायची. 'कि'पर्यंत ठीक, पण जोडाक्षर आलं की एक घर पुरत नाही आणि 'स्थिती'चं 'स्िथती' होतं. आता कुणीही म्हणेल की त्या दोन ओळी बदला. छे. आम्ही वही घातलीय. मॅक्रो चालवायचा, मग वहीतले बिघडलेले शब्द एकेक करून फाइंड-रिप्लेसने सुधारायचे, नवीन सापडला की वहीत टाकायचा. सध्या तिसरी वही चालू आहे, दुसरी कुणीतरी घरी नेली.

हे फाइंड-रिप्लेस मॅक्रोतच घालायचा मोह मला झाला होता. शेवटाला पोचला की परत पहिल्यापासून शोधायला लागायचा, थांबेचना. थांबवायला कंट्रोल आणि ब्रेक दाबायचं असतं, माझ्या नवीन लॅपटॉपला ब्रेकचं बटणच नाहीये. शेवटी टास्क मॅनेजरमधून वर्डचा गळा दाबला. दुसऱ्यांदा लवकर थांबला तर कंट्रोल झेड मारायला गेलो, तेव्हा कळलं की मॅक्रोने केलेला एकेक बदल वेगवेगळा मागे घ्यावा लागतो. चहा येईपर्यंत झेड झेड झेड.

यावर कायमचा उपाय आहे, मला चुकून सापडला. मॅक्रोवाली फाइल साध्या डॉकएक्समध्ये, म्हणजे मॅक्रो न ठेवणाऱ्या प्रकारात, सेव्ह करायला जा. वर्ड एक लांबलचक प्रश्न विचारतो. त्यात 'येस' म्हणजे मॅक्रो गेले तरी चालतील आणि 'नो' म्हणजे थांब, पण एवढं वाचतो कोण, संध्याकाळी सव्वासहाला माणूस 'येस'च दाबतो. मग मूळ फाइल जागा अडवतेय म्हणून डिलीट करायची. झालं, मॅक्रोचा प्रॉब्लेम संपला, मॅक्रोसकट.

मजकूर मात्र सकाळी साहेबांना हवाच असतो. पण तुम्ही बसून राहा, कारण टायपिंगच्या मॅडमनी दुपारीच लाल पट्टी बघून प्रिंट शेजारी ठेवली होती आणि पहिल्यापासून टाइप करायला घेतलं होतं, त्यांचं आता नववं पान चालू आहे.